हे खरे आहे काय? : लेखी प्रश्न विचारायला शिकणाऱ्यांसाठी

लेखी प्रश्नाचं उत्तर मंत्री लिहीत नाहीत. ते लिहितो एक कक्ष अधिकारी, आणि त्याच्या टेबलावर आधीच फायलींचा ढीग असतो. तो खालच्या कार्यालयांकडून माहिती मागवतो, मसुदा करतो, मसुदा एकेक सही घेत वर चढतो आणि शेवटी मंत्र्यांच्या नावाने सभागृहाच्या पटलावर येतो. देश बदलला की पदांची नावं बदलतात, उतरंड तीच राहते. नव्या सदस्याने, किंवा त्याच्यासाठी प्रश्न लिहिणाऱ्या सहायकाने, पहिल्या दिवशी एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात. प्रश्न मंत्र्यांना उद्देशून असतो, पण तो वाचला जातो त्या टेबलावर. तिथला माणूस धडधडीत खोटं लिहायला कचरतो, कारण त्यावर हक्कभंग येऊ शकतो. पळवाट दिसली तर मात्र ती घ्यायला तो मुळीच कचरत नाही. तेव्हा प्रश्नात पळवाट राहू द्यायची नाही, हे या कामातलं निम्मं कौशल्य. उरलेलं निम्मं उत्तर आल्यानंतर लागतं.

तोंडी की लेखी?

पहिल्यांदा निवडून आलेल्यांचा ओढा तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाकडे असतो. साहजिक आहे. मंत्री समोर, कॅमेरा चालू, उपप्रश्न विचारायची संधी. पण हिशेब पाहा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात आणि त्यातल्या मोजक्यांनाच प्रत्यक्ष तोंडी उत्तर मिळतं. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे प्रश्न, दिवसाला २३० असतात. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६०. तोंडी उत्तरात मंत्री बोलण्याच्या भरात काहीतरी कबूल करून जातात, हे खरं. पण जिल्हावार तक्ता, तीन वर्षांचा खर्च, आदेशांच्या तारखा असलं काही हवं असेल तर लेखीला पर्याय नाही. शिवाय गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी लेखी उत्तरं पटलावर येतातच.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे संसदेच्या पावसाळी अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला होता. उरले फक्त लेखी प्रश्न. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असं लोकसभेत विचारलं गेलं. १४ सप्टेंबरला श्रम मंत्रालयाने लिहिलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. घरी परतलेल्या मजुरांची संख्या मात्र मंत्रालयाकडे होती, एक कोटीहून अधिक. ते उत्तर दुसऱ्या दिवशी सगळीकडे पहिल्या पानावर होतं. सरकारने काय मोजलं आणि काय मोजलं नाही, हे त्या दोन ओळींनी जितकं उघड केलं तितकं तासभराच्या भाषणाने झालं नसतं. ‘माहिती नाही’ या उत्तरावर नाराज होऊन कागद बाजूला टाकणारे नवखे मला नेहमी दिसतात. तो कागद बहुतेकदा त्यांच्या हाती आलेला सर्वात मोलाचा असतो.

लिहिण्याआधी

प्रश्न सुचला की लगेच लिहायला बसू नका. आधी तीन गोष्टी तपासा.

हा प्रश्न आधी विचारला गेलाय का? लोकसभा-राज्यसभेची जुनी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर विषय, मंत्रालय, सदस्य अशा कोणत्याही वाटेने शोधता येतात. उत्तर दिलेला प्रश्न तसाच पुन्हा आला तर नियमाने तो नाकारला जातो. पण जुनं उत्तर शोधण्याचं खरं कारण वेगळं आहे: विभाग या विषयाला काय म्हणतो, आकडे कोणत्या रकान्यांत ठेवतो, हे त्यातून कळतं. तुम्ही त्यांच्याच शब्दांत विचारलंत तर ‘अशी वर्गवारी ठेवली जात नाही’ म्हणायला त्यांना जागा उरत नाही.

उत्तर द्यायची जबाबदारी कोणाची? संघराज्यात हा फास फार जणांच्या गळ्यात पडतो. विषय राज्याचा असेल तर केंद्राकडे विचारून उपयोग नाही. फार तर केंद्राने निधी दिला का, सूचना काढल्या का, राज्यांकडून अहवाल मागवले का, एवढ्यापुरतंच विचारावं लागतं. चुकीच्या मंत्रालयाकडे गेलेला प्रश्न टपालासारखा फिरत राहतो आणि अधिवेशन संपतं.

माहिती आधीच छापील उपलब्ध आहे का? विभागाचा वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पातल्या मागण्या, लेखापरीक्षकांचा अहवाल यांत सापडणारी गोष्ट विचारू नका. सहज मिळणाऱ्या दस्तऐवजांतली माहिती मागणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांत बसत नाही. त्या अहवालातला एक आकडा पकडून त्याच्या पुढचं विचारा.

मसुदा

नियम सगळीकडे साधारण सारखेच असतात. लोकसभेत प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मंत्र्यांचं मत विचारता येत नाही, काल्पनिक परिस्थिती मांडता येत नाही, न्यायप्रविष्ट विषयाला हात लावता येत नाही. नव्या सदस्याला हे जाचक वाटतं. मला आता ते सोयीचं वाटतं, कारण विशेषण आलं की उत्तर देणाऱ्याला तेच नाकारून सुटता येतं.

उदाहरण घेऊ. महाराष्ट्र विधिमंडळाच्या घाटात लिहिलेला एक प्रश्न, रोज लिहिले जातात तसाच:

(१) राज्यातील अनेक पूल अत्यंत धोकादायक अवस्थेत असून शासनाचे त्याकडे दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या पुलांच्या दुरुस्तीबाबत कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर काय येईल हे मी डोळे मिटून सांगतो. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

कक्ष अधिकाऱ्याने इथे खोटं काहीच लिहिलेलं नाही. ‘अनेक’, ‘अत्यंत’, ‘दुर्लक्ष’ यांतलं एकही विधान त्याला मान्य करायचं नाही, आणि पहिलं नाकारलं की बाकी सगळं आपोआप गळून पडतं, कारण तुम्हीच ते ‘असल्यास’च्या खुंटीला टांगलं होतं. ‘हे खरे आहे काय – असल्यास – नसल्यास’ ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि पुष्कळ सदस्य ती सवयीने वापरतात. साखळीची पहिली कडी अशी हवी की ती नाकारताच येऊ नये: एखादा शासन निर्णय, एखाद्या समितीने सादर केलेला अहवाल, एखादी तारीख. आणि पुढचे भाग शक्य तिथे त्या कडीपासून मोकळे ठेवायचे.

तोच विषय असा लिहून पाहा:

(१) मागील तीन आर्थिक वर्षांत विभागाच्या अखत्यारीतील किती पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट करण्यात आले, त्याची वर्षनिहाय संख्या किती आहे;
(२) ऑडिट अहवालांमध्ये किती पुलांना तातडीच्या दुरुस्तीची शिफारस करण्यात आली, तसेच पूलनिहाय शिफारशीचा दिनांक काय आहे;
(३) त्यांपैकी किती पुलांची दुरुस्ती ३१ मार्चअखेर पूर्ण झाली व त्यावर किती खर्च झाला;
(४) दुरुस्ती न झालेल्या पुलांपैकी किती पुलांवरील जड वाहतूक बंद करण्यात आली आहे?

यात एकही आरोप नाही. ‘धोकादायक’ हे मत होतं. ‘ऑडिट अहवालातली तातडीच्या दुरुस्तीची शिफारस’ ही विभागाच्याच फायलीतली नोंद आहे. चार भागांपैकी दुसरा आणि चौथा एकमेकांशेजारी ठेवले की वाचणाऱ्याला कोणी काही समजावून सांगावं लागत नाही.

व्याप्तीचं भान मात्र ठेवा. ‘स्थापनेपासून आजवर सर्व कार्यालयांत’ असं मागितलंत तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर तुम्हीच ओढवून घेतलं. ब्रिटनमध्ये तर उत्तर गोळा करायचा खर्च साधारण ८५० पौंडांच्या वर जात असेल तर मंत्री ‘खर्च अवाजवी’ म्हणून नकार देऊ शकतात. तीन वर्षं, एक योजना, एक विभाग. तेवढं पुरतं. उरलेलं पुढच्या अधिवेशनात.

किती, कधी, कुठे

हे प्रत्येक सभागृहात वेगळं, आणि स्वतःच्या सभागृहाची नियमावली वाचायला पर्याय नाही. लोकसभेत किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते आणि मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. तेव्हा तो तक्ता भिंतीवर लावा. युरोपीय संसदेत सदस्याला तीन महिन्यांच्या काळात २० लेखी प्रश्न मिळतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत वर्षाला ५२. जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये महिन्याला चार, पण उत्तर आठवड्यात द्यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये मुदत सहा कामकाजी दिवसांची. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, विशिष्ट दिवशी उत्तर हवं असं सांगणारा प्रश्न टाकता येतो. तीन दिवसांवरची तारीखही चालते. पण त्या दिवशी बऱ्याचदा येतं ते ‘लवकरच उत्तर देऊ’ एवढंच. घाई केली की फळ कच्चं मिळतं.

कोटा कमी असेल तिथे सदस्य आपोआप विचार करून लिहितात. जिथे भरपूर मुभा आहे तिथे ‘या अधिवेशनात आमच्या सदस्याने इतके प्रश्न विचारले’ अशी आकड्यांची शर्यत लागते. त्या शर्यतीत उतरू नका. शंभर विस्कळीत प्रश्नांपेक्षा एकाच विषयावरचे ओळीने सहा प्रश्न विभागाला जास्त जड जातात. या सदस्याच्या प्रश्नाला सावधपणे उत्तर द्यायला हवं, ही बातमी त्या टेबलांवर फार लवकर पसरते.

उत्तर वाचणं

इथे घाईघाईने वाचू नका, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. उत्तर आलं, बातमी झाली किंवा झाली नाही, फाइल बंद. खरं तर उत्तर शब्द-शब्द वाचायचं, पेन्सिल घेऊन. प्रत्येक पुस्ती, प्रत्येक ‘विशेषतः’, ‘सद्यःस्थितीत’, ‘प्राप्त माहितीनुसार’ याखाली रेघ मारायची. तो शब्द कोणीतरी विचारपूर्वक घातलेला असतो.

‘अंशतः खरे आहे’ आलं तर खूश व्हा. कोणता अंश, हा तुमचा पुढचा प्रश्न. ‘माहिती घेण्यात येत आहे’ आलं तर तारीख नोंदवा. तुम्ही विचारलेल्या चार भागांना मिळून एकच उत्तर दिलं असेल, ‘(१) ते (४) : याबाबत नियमानुसार कार्यवाही करण्यात येते’, तर कोणता भाग गिळला ते शोधा. गिळलेला भागच बहुतेकदा दुखरा असतो. आणि आकड्याऐवजी योजनेची स्तुती आली असेल, दोन पानं उद्दिष्टं आणि लाभ, तर आकडा नाही किंवा तो सांगण्यासारखा नाही.

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य मंत्रालयाने लिहिलं की ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे झालेले मृत्यू राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी ‘विशेषत्वाने कळवलेले नाहीत’. लोकांनी ते ‘कोणी मेलंच नाही’ असं वाचलं आणि संतापले. संताप रास्त होता, पण नीट वाचलं तर उत्तरात तीन वेगळ्या गोष्टी होत्या: आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्र फक्त संकलन करतं, आणि राज्यांनी तसं वेगळं कळवलं नाही. लगेच पुढचे प्रश्न तयार होतात. कळवण्याच्या नमुन्यात असा रकाना होता का? केंद्राने राज्यांकडे तो मागितला का? कोणत्या तारखेच्या पत्राने? राज्यांनी काय उत्तर पाठवलं? संताप एका दिवसाचा असतो. हे प्रश्न महिनोन्‌महिने पुरतात.

उत्तर शब्दशः बरोबर असून दिशाभूल करणारं असू शकतं, आणि कधी कधी बरोबरही नसतं. ब्रिटनमध्ये १९८८ अखेरीस काही राज्यमंत्र्यांनी इराण-इराकला संरक्षण साहित्य विकण्याची मार्गदर्शक तत्त्वं सैल केली आणि संसदेला सांगितलंच नाही. खासदार विचारत राहिले, उत्तर येत राहिलं की तत्त्वं बदललेली नाहीत. न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९६ मध्ये आला तेव्हा ती लेखी उत्तरं एकेक करून तपासली गेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कॉमन्सने ठराव केला की मंत्र्यांनी संसदेला अचूक व सत्य माहिती द्यावी, नकळत झालेली चूक पहिल्या संधीत दुरुस्त करावी आणि जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा द्यावा. तोंडी उत्तरं असती तर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणता आलं असतं. छापील ओळीला ती सोय नाही.

पाठलाग

‘पाठपुरावा’ हा शब्द सरकारी पत्रांनी इतका झिजवलाय की तो वापरवत नाही, म्हणून पाठलाग म्हणतो.

पहिलं साधन म्हणजे आश्वासन समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या असतात. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल’ अशा ठरावीक शब्दप्रयोगांना समिती आश्वासन मानते आणि ते साधारण तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. म्हणजे ज्या ‘माहिती संकलित होत आहे’वर तुम्ही वैतागला होतात, तेच वाक्य सरकारला बांधून घालतं. समितीला पत्र लिहायला विसरू नका. फार थोडे लिहितात.

दुसरं म्हणजे एकच गोष्ट दोन दारांनी विचारणं. वित्त विभागाला विचारा किती रक्कम वितरित केली. संबंधित विभागाला विचारा किती मिळाली आणि किती खर्च झाली. दोन उत्तरं दोन वेगवेगळ्या टेबलांवर लिहिली जातात आणि ती टेबलं एकमेकांशी बोलतातच असं नाही. मी सहायक म्हणून काम करायला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं. तेव्हा मला ते लबाडीचं वाटलं होतं. दोन उत्तरांत प्रत्यक्ष तफावत सापडली त्या दिवशी मत बदललं.

तिसरं, चिकाटी. टॅम डॅलियेल या ब्रिटिश खासदाराने फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी बुडवलेल्या ‘जनरल बेल्ग्रानो’ या अर्जेंटिनी युद्धनौकेबद्दल दोन वर्षं प्रश्न आणि पत्रं चालू ठेवली. नौका कुठल्या दिशेने चालली होती? ती केव्हा दिसली? आदेश केव्हा गेला? एवढ्या बारीक प्रश्नांसाठी लोक त्याला विक्षिप्त म्हणत. पण त्याला द्यायच्या उत्तरांचे मसुदे करणारा क्लाइव्ह पाँटिंग हा संरक्षण मंत्रालयातला अधिकारीच अस्वस्थ झाला. १९८४ मध्ये त्याने दोन कागद डॅलियेलकडे पाठवले, गोपनीयता कायद्याखाली त्याच्यावर खटला भरला गेला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. टेबलामागचा माणूस, म्हटलं ना.

पण प्रश्न कोणाचा?

प्रश्न घेऊन माणसं तुमच्याकडे येतील. कार्यकर्ते, संघटना, पत्रकार, कंत्राटदार. कधी तयार टाइप केलेला मसुदाच हातात देतील. मसुदा घ्यायला हरकत नाही, पण उत्तराचा उपयोग कोणाला होणार हे विचारल्याशिवाय सही करू नका. प्रतिस्पर्ध्याच्या निविदेची माहिती काढायला किंवा एखाद्या अधिकाऱ्याला धमकवायला तुमचा प्रश्न वापरला जातोय का? १९५१ मध्ये खासदार एच. जी. मुदगल यांना सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचं काम केल्याबद्दल सदस्यत्व सोडावं लागलं. २००५ च्या डिसेंबरमध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. काहींनी स्वीकारलेल्या रकमा अगदीच किरकोळ होत्या. कोऱ्या प्रश्नपत्रांवर आगाऊ सह्या करून सहायकाकडे ठेवायची सवय असेल तर आजच मोडा. प्रश्न ऑनलाइन पाठवायच्या लॉगिनचा पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजे तीच सही.

नोंदवही

साधी एक वही किंवा तक्ता ठेवा. प्रश्नाचा विषय, दिनांक, क्रमांक, उत्तराचा सारांश एका ओळीत, उत्तरातला पळवाटेचा शब्द जसाच्या तसा, आश्वासन असेल तर मुदत, आणि शेवटचा रकाना: पुन्हा केव्हा. माझ्या अनुभवात हा शेवटचा रकाना रिकामा राहतो आणि तिथेच विषय मरतो.

पुलांच्या प्रश्नाचं समजा उत्तर आलं: ‘तातडीच्या दुरुस्तीची शिफारस झालेल्या पुलांपैकी काही पुलांची दुरुस्ती पूर्ण झाली असून उर्वरित कामे निधीच्या उपलब्धतेनुसार प्रगतीपथावर आहेत. वाहतुकीबाबत आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या आहेत.’ ‘काही’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ आणि ‘आवश्यक त्या सूचना’ या तिन्हींखाली रेघ मारा, शेवटच्या रकान्यात पुढच्या अधिवेशनाची पहिली तारीख टाका आणि खाली लिहून ठेवा:

(१) अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक याच्या उत्तरात नमूद केलेल्या उर्वरित कामांसाठी किती निधीची मागणी करण्यात आली, कोणत्या दिनांकास व त्यापैकी किती मंजूर झाला;
(२) उक्त उत्तरात नमूद केलेल्या सूचना कोणत्या दिनांकाच्या पत्रान्वये व कोणत्या अधिकाऱ्यांना देण्यात आल्या;
(३) उक्त पत्रांच्या प्रती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येतील काय?